पाठीवरचे १८१३

लोखंडी क्रॉस हातात घेऊन उलटा केला की खालच्या भुजेवर १८१३ हे साल दिसते. नवखा माणूस तिथेच हुरळतो. नेपोलियनच्या लढायांतली वस्तू आपल्याला गवसली असे त्याला वाटते आणि विकणाराही त्याचा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडत नाही. आकडा खोटा नसतो, कुणी मागाहून घुसडलेलाही नसतो. १८७० च्या क्रॉसवर तो आहे, १९१४ च्या क्रॉसवर आहे, १९३९ च्या क्रॉसवर आहे आणि दुसरे महायुद्ध संपून बारा वर्षे उलटल्यावर पश्चिम जर्मनीने जो क्रॉस चालवून घेतला त्याच्याही पाठीवर आहे. पदकावरचे साल असते त्या पदकाच्या स्थापनेचे किंवा युद्धाचे. वस्तू घडली कधी, हे विचारायचे असेल तर धातूला विचारावे लागते, डाखाला, मागच्या पिनेला, नाहीतर कडीवरच्या भिंग लावून दिसणाऱ्या शिक्क्याला. जर्मनीचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास या काळ्या तुकड्यात असा काही मुरला आहे की पुष्कळदा ग्रंथांपेक्षा तोच मोकळेपणाने बोलतो.

१८१३ च्या मार्चमध्ये प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा राजधानी बर्लिन सोडून ब्रेस्लाऊला येऊन राहिला होता. हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव व्रोत्सवाफ. सात वर्षांपूर्वी नेपोलियनने प्रशियाच्या फौजेची धूळधाण उडवली होती आणि १८०७ च्या टिल्झिटच्या तहाने निम्मे राज्य हातचे गेले होते. तिजोरीत खडखडाट होता. राणी लुइझा १८१० मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारली होती आणि प्रशियातल्या सामान्य लोकांच्या मनात तिला जवळजवळ देवत्व आले होते. नेपोलियनची फौज रशियाच्या बर्फातून विस्कटून परतली तेव्हा कचखाऊ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या राजाने लढायचे ठरवले. या युद्धापुरते म्हणून त्याने एक नवे पदक स्थापन केले आणि सनदेवर तारीख घातली १० मार्च. तो लुइझेचा जन्मदिवस.

पदक लोखंडाचे असावे ही कल्पना राजाचीच. कच्चे रेखाटनही त्याने स्वतः केले. त्यात ट्युटॉनिक सरदारांच्या जुन्या काळ्या क्रॉसची आठवण होती. वास्तुकार कार्ल फ्रीडरिश शिंकेल याने त्याला अंतिम रूप दिले. सोन्याचांदीची पदके वाटण्याची ऐपत नव्हती हे तर उघडच होते, पण राजाने ऐपतीचा प्रश्न अभिमानाचा करून टाकला. त्याच वसंतात राजघराण्यातल्या स्त्रियांनी देशातल्या बायकांना सोन्याचे दागिने युद्धनिधीला द्यायला सांगितले. बदल्यात लोखंडाची अंगठी किंवा साखळी मिळे. चारचौघांत सोने घालून मिरवणे लाजिरवाणे ठरू लागले. अशा वेळी सैनिकाच्या छातीवर लोखंड येणे साहजिकच होते. आणखी एक गोष्ट त्या काळाच्या मानाने धाडसाची होती. तोवर प्रशियाचा मानाचा 'पूर ल मेरित' फक्त अधिकाऱ्यांना मिळे. लोखंडी क्रॉस मात्र जनरल आणि साधा शिपाई, दोघांना एकसारखाच.

सायलेशियातल्या ग्लायविट्झच्या आणि बर्लिनच्या सरकारी ओतशाळांत हे काम झाले. बारीक नक्षीचे ओतीव लोखंड ही या ओतशाळांची ख्याती होती. वाळूच्या साच्यात क्रॉसचा गाभा ओतायचा, तो काळा करायचा आणि चांदीच्या दोन पातळ चौकटींमध्ये बसवून सोनाराने कडेने डाख द्यायचा. ही तीन तुकड्यांची बांधणी पुढे सव्वाशे वर्षे टिकली आणि आजही पहिली तपासणी तिथूनच सुरू होते. चौकटीची शिवण कुठे आहे आणि गाभा खरोखर वेगळा आहे का, हे आधी पाहतात. सगळा क्रॉस एकसंध ओतून वर काळा-रुपेरी रंग दिलेला असेल तर पुढे बोलायलाच नको.

१८१३ च्या अस्सल क्रॉसमध्ये दोन नग तंतोतंत सारखे सापडत नाहीत. भुजांची वळणे थोडी इकडे तिकडे, चौकटीचे कोपरे हाताने जुळवलेले, ओतीव लोखंडाची कणीदार कांती. पुढची बाजू तर कोरीच होती. नक्षी होती ती मागे: वर मुकुट आणि राजाच्या नावाची आद्याक्षरे, मधोमध ओकची तीन पाने, खाली साल. लोकांनी मात्र लवकरच क्रॉस उलटा लावायला सुरुवात केली. कोरे लोखंड छातीवर मिरवण्याइतका साधेपणा कोणत्या शिपायाला परवडतो? पहिल्या, म्हणजे दुसरीहून वरच्या श्रेणीचे चिन्ह तर सुरुवातीला धातूचे नव्हतेच. फितीचे दोन तुकडे क्रॉसच्या आकारात कोटावर शिवायचे असा हुकूम होता. काही महिन्यांतच तो बदलून धातूचा क्रॉस आला, पण तोही शिवायचाच. त्यासाठी पाठीमागे चांदीचे लहान लहान फासे असत. म्हणून १८१३ ची पहिली श्रेणी म्हणून कुणी पाठीला सरळ पिन असलेला नग पुढे केला, तर ती पिन आली कुठून, हा प्रश्न आधी विचारावा.

नेपोलियनने पॅरिसला नेलेला ब्रांडेनबुर्ग दरवाजावरचा चार घोड्यांचा रथ १८१४ मध्ये परत आला, तेव्हा शिंकेलने त्यातल्या देवीच्या हातातल्या दंडाला हाच क्रॉस जोडून दिला. बर्लिनच्या एका टेकडीवर १८२१ मध्ये उभारलेल्या विजयस्मारकाच्या शेंड्यावरही तो बसला आणि त्यावरून त्या भागाला क्रॉइझबर्ग हे नाव पडले. पदक म्हणून मात्र तो इतिहासजमा झाला होता. युद्ध संपले, क्रॉस संपला.

१९ जुलै १८७० रोजी फ्रान्सशी युद्ध जाहीर झाले आणि त्याच दिवशी राजा पहिला विल्हेल्म याने क्रॉसचे पुनरुज्जीवन केले. तारीख इथेही निवडलेली होती. विल्हेल्म हा लुइझेचा मुलगा आणि त्या दिवशी तिच्या मृत्यूला बरोबर साठ वर्षे झाली होती. १८१३ ची कोरी बाजू आता भरली: वर मुकुट, मध्ये राजाच्या नावाचे 'डब्ल्यू' हे अक्षर, खाली १८७०. जुनी नक्षी पाठीवर तशीच राहिली. एका क्रॉसवर दोन साले आली ती अशी, आणि बाजारातल्या गोंधळाचा पायाही तेव्हाच रचला गेला.

या युद्धाची आणखी एक आठवण पदकात उतरली आहे. १८७१ मध्ये लढवय्यांसाठी काढलेले स्मृतिपदक हस्तगत केलेल्या फ्रेंच तोफांच्या कांस्याचे होते आणि तसे ते कडेवर कोरलेलेही आहे. लढाईत प्रत्यक्ष भाग न घेतलेल्यांना तेच पदक पोलादाचे मिळाले. शत्रूच्या तोफा वितळवून पदके पाडायची ही रीत नेपोलियनच्या युद्धापासूनच प्रशियात होती. हरलेल्याचा धातू जिंकणाऱ्याच्या छातीवर, असा हा रोकडा हिशेब.

कालनिर्णयाच्या दृष्टीने खरी मौज आहे ती १८७० च्या क्रॉसमध्ये. दुसरी श्रेणी चाळीस हजारांहून अधिक जणांना मिळाली. हे लोक विशीत-तिशीत होते आणि पुढे तीस-चाळीस वर्षे जगले. दर वर्षी याच युद्धातल्या सेडानच्या लढाईच्या दिवशी ते क्रॉस लावून संचलनाला जात. फीत विरे, कडी झिजे, क्रॉस हरवे. मग गावच्या सोनाराकडून किंवा बर्लिनच्या पदकविक्रेत्याकडून नवा घेतला जाई. १८९५ मध्ये युद्धाला पंचवीस वर्षे झाल्याबद्दल या जुन्या मानकऱ्यांना फितीवर लावायची ओकपानांची पट्टी मिळाली. तिच्यावर २५ हा आकडा होता. तेव्हा पुष्कळांनी क्रॉसही नवा करून घेतला. हे क्रॉस नकली नव्हेत. मालक खरा, मानही खरा, फक्त वस्तू पंचवीस वर्षांनी लहान.

ती ओळखायची कशी? इथे जर्मनीचा एक अगदी रुक्ष कायदा मदतीला येतो. चांदीच्या वस्तूंवर शुद्धतेचा शिक्का कसा असावा याविषयीचा कायदा १८८४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १८८८ पासून अमलात आला. त्याने साम्राज्यभर चांदीसाठी चंद्रकोर व राजमुकुट ही एकच खूण ठरवली, सोबत ८०० किंवा त्याहून अधिक शुद्धतेचा आकडा. १८७० च्या क्रॉसच्या चौकटीवर किंवा कडीवर ही चंद्रकोर दिसली की प्रश्न संपला: तो क्रॉस १८८८ च्या आधीचा असूच शकत नाही. युद्धाच्या धामधुमीत बनलेल्या मूळ नगांवर असा शिक्का नाही, कारण तेव्हा तसा शिक्काच अस्तित्वात नव्हता. माझ्या मते जर्मन पदकांच्या अभ्यासात याहून सुरेख पुरावा दुसरा नाही. शिक्का मारणाऱ्या सोनाराला आपण इतिहासाची नोंद करतो आहोत याची गंधवार्ताही नव्हती. तो निव्वळ दंड चुकवत होता.

५ ऑगस्ट १९१४ रोजी कैसर दुसऱ्या विल्हेल्मने क्रॉस पुन्हा जिवंत केला. अक्षर तेच, साल बदलले. पण आता सैन्य लाखांचे होते. १९१८ पर्यंत दुसऱ्या श्रेणीचे सुमारे पन्नास लाख क्रॉस वाटले गेले आणि पहिल्या श्रेणीचे दोन लाखांच्या आसपास. अडॉल्फ हिटलर नावाच्या निरोप्या शिपायाला दोन्ही मिळाले. त्याच्या पहिल्या श्रेणीची शिफारस त्याच्या रेजिमेंटचा सहायक ह्यूगो गुटमन याने केली होती, आणि गुटमन ज्यू होता.

एवढ्या प्रचंड संख्येत कोणता क्रॉस कुणाचा हे कळायला मार्ग नाही, कारण जर्मन क्रॉसवर नाव कोरण्याची पद्धत नव्हती. ब्रिटिशांची रीत उलट होती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेलेल्या मराठा पलटणींतल्या शिपायांची पदके सातारा-रत्नागिरीकडच्या घरांत आजही सापडतात. त्यांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९४४ मध्ये इटलीत जर्मनांशी लढताना पडलेल्या नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पदकाच्या पाठीवर पराक्रमाची तारीखसुद्धा कोरतात. तिथे कडा वाचली की काम झाले. जर्मन क्रॉस निनावी, म्हणून तर त्याच्या धातूची आणि घडणीची एवढी उलटतपासणी.

१९१४ च्या क्रॉसमध्ये कडीवरचे शिक्के बोलू लागतात. 'के ओ' ही अक्षरे राजघराण्याच्या बर्लिन टाकसाळीची, 'एफ आर' म्हणजे फ्रीडलेंडर, 'एस डब्ल्यू' म्हणजे सी आणि वाग्नर. सरकारी नग असे ओळखू येतात. त्याखेरीज अधिकारी मंडळी स्वतःच्या पैशाने दुसरा क्रॉस घेत आणि तिथे कारागिरांनी हौस पुरवली. छातीवर नीट बसावा म्हणून बाहेर फुगवलेला, कापडाला घट्ट धरावा म्हणून मागे मळसूत्र आणि चकती लावलेला, चोर-पिनेचा, जास्त शुद्ध चांदीचा. गाभा आता ओतलेला नव्हे, ठशाखाली दाबलेला. मुकुटाचे मणी आणि चौकटीची आतली दाणेदार रेघ सगळीकडे सारखी. १८१३ च्या हातकामाची वेडीवाकडी गोडी त्यात नाही.

युद्ध लांबले तशी धातूची चणचण पदकांतही शिरली. सर्वांत बोलका दाखला 'पूर ल मेरित'चा. फ्रेडरिक द ग्रेटने १७४० मध्ये स्थापन केलेला हा निळ्या मिन्याचा क्रॉस सोन्याचा असे. १९१६ च्या अखेरीस तो सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचा झाला. ओस्वाल्ड ब्योल्के आणि माक्स इमेलमान या वैमानिकांना तो मिळाला १२ जानेवारी १९१६ ला, तर मानफ्रेड फॉन रिश्टहोफेनला १२ जानेवारी १९१७ ला. एका वर्षाचेच अंतर, पण पहिले दोघे सोन्याच्या काळातले आणि 'लाल जहागीरदार' मुलाम्याच्या. रिश्टहोफेनच्या काळातला म्हणून कुणी भरीव सोन्याचा सरकारी नग दाखवला तर गिऱ्हाइकाने आनंदून जाण्यापेक्षा सावध झालेले बरे. जर्मनीतल्या लहान राज्यांची गतही तीच. सुरुवातीला कांस्यात निघालेली सॅक्सनीची वगैरे पदके शेवटी-शेवटी जस्तावर आली. आज ती राखाडी पडून फोडांनी भरलेली सापडतात.

१९१८ मध्ये कैसर गेला आणि नव्या प्रजासत्ताकाच्या घटनेने पदव्या आणि मानचिन्हे देणेच बंद केले. पण जुन्या मानकऱ्यांसाठी १९१४ चे क्रॉस दुकानांत बनत राहिलेच. मग जुलै १९३४ मध्ये, मरणाला तीन आठवडे उरले असताना, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या नावाने पहिल्या महायुद्धाचा सन्मानक्रॉस निघाला. समोर १९१४–१९१८ ही साले, कांस्याचा नुसता रंग आणि आत लोखंड. तो अर्ज करून मिळे आणि ऐंशी लाखांच्या आसपास लोकांनी घेतला. पहिल्या महायुद्धातले पदक म्हणून आज सर्वाधिक विकले जाते ते हेच. चुंबक लावला तर चिकटते, पाठीवर कारखानदाराची खूण असते, आणि ज्या खंदकांची साले ते मिरवते त्या खंदकांत ते कधी गेलेले नसते.

३१ ऑगस्ट १९३९ च्या रात्री नाझींनी पोलिश हल्ल्याचे सोंग रचून एका रेडिओ केंद्रावर हल्ला घडवून आणला. ते केंद्र ग्लायविट्झचे, १८१३ मध्ये क्रॉस ओतणाऱ्या त्याच गावचे. दुसऱ्या दिवशी पोलंडवर स्वारी झाली आणि हिटलरने लोखंडी क्रॉस पुन्हा सुरू केला. प्रशियाचा क्रॉस आता साऱ्या राइशचा झाला. 'डब्ल्यू' आणि मुकुट गेले, स्वस्तिक आले. पाठीवरचा मुकुट, आद्याक्षरे, ओकची पाने सगळे पुसले गेले आणि एकटे १८१३ उरले. त्यामुळे पाठ नुसती पाहूनही १९३९ चा क्रॉस ओळखता येतो: ओकपाने नसलेले १८१३ म्हणजे हिटलरच्या काळातले किंवा त्यानंतरचे.

घाईत काही कारखान्यांनी चौकटीसाठी १९१४ चे जुने ठसेच वापरले. स्वस्तिकाचा गाभा आणि कैसरकालीन, जरा बारीक भुजांची चौकट अशी ही जोडगोळी. संग्राहक तिला 'शिंकेल' म्हणतात आणि ती युद्धाच्या आरंभीची मानतात. पुढे मापे पक्की झाली, चौकट रुंदावली. १९४१ पासून खुणांची शिस्त आली. सरकारला पुरवठा करणाऱ्यांना क्रमांक होते, जसे १ म्हणजे म्युनिकचा डेश्लर, ४ म्हणजे ल्युडेनशाइडचा स्टाइनहाउअर आणि ल्युक, ६५ म्हणजे इडार-ओबरश्टाइनचा क्लाइन आणि क्वेन्झर. दुकानांत विकायच्या मालावर 'एल' अक्षर आणि तिरक्या रेघेनंतर वेगळा क्रमांक असे. पदके घडवणारी गावेही पाहण्यासारखी आहेत. ल्युडेनशाइड बटणांचे, फॉर्झहाइम सोन्याच्या दागिन्यांचे, इडार-ओबरश्टाइन रत्नांना पैलू पाडणारे. शांततेत ब्लाउजची बटणे आणि लग्नाच्या अंगठ्या करणारे हात युद्धात क्रॉस जोडत होते.

चणचणीची जुनी कथाही पुन्हा घडली. पायदळाच्या, पाणबुड्यांच्या बिल्ल्यांसाठी आधी टोंबाक, म्हणजे तांबे जास्त असलेले पितळ, वापरले जाई. तांबे तोफगोळ्यांना लागू लागले तसे बिल्ले जस्ताचे झाले. जस्तावर मुलामा टिकत नाही. काही वर्षांत तो उडतो आणि खालचा निस्तेज राखाडी धातू दिसतो. म्हणून सोनेरी झळाळी शाबूत असलेला बिल्ला बहुधा युद्धाच्या पूर्वार्धातला आणि राखेच्या रंगाचा उत्तरार्धातला. नुसता रंग पाहून युद्धाचे पारडे कधी फिरले ते सांगता यावे, अशी उदाहरणे थोडीच.

१९४५ नंतर क्रॉस उघडपणे लावता येईना. मग २६ जुलै १९५७ च्या पश्चिम जर्मन कायद्याने तोड काढली: युद्धात मिळवलेले पदक लावायला मुभा, पण स्वस्तिकाविना. लोखंडी क्रॉसवर स्वस्तिकाच्या जागी १८१३ ची ओकपाने परत आली, खाली १९३९ तसेच राहिले. हे नवे नग पुष्कळदा त्याच जुन्या कारखान्यांनी काढले. स्टाइनहाउअर आणि ल्युक तर पुढे संघराज्याचा गुणगौरव क्रॉसही बनवू लागला. तेच यंत्र, तोच कारागीर, तीच चौकट. नकलाकारांचे फावले ते इथेच. १९५७ नंतरच्या अस्सल कारखानी चौकटीत स्वस्तिकाचा नवा गाभा बसवला की चौकट खरी, डाख खरा, चांदी खरी आणि वस्तू खोटी.

त्यावर अभ्यासकांनी शोधलेला उपाय म्हणजे ठशाचे आजारपण वाचणे. पोलादी ठसा हजारो वेळा आपटला की त्याला बारीक तडा जातो आणि त्या तड्याची रेघ पुढच्या प्रत्येक नगावर उमटते. तडा वाढतो, कमी कधीच होत नाही. मग शंभर नग भिंगाखाली ओळीने लावले की आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हे ठरते. युद्धकाळातल्या निश्चित नगावर तडा लहान असेल आणि विकायला आलेल्या नगावर मोठा, तर तो ठसा युद्धानंतरही चालू होता असा संशय घेता येतो. काही प्रसिद्ध कारखान्यांच्या नाइट्स क्रॉसविषयीचे, म्हणजे लोखंडी क्रॉसच्या वरच्या श्रेणीविषयीचे, वाद याच रेघांवर लढले गेले आहेत. फितीला जंबुपार प्रकाश दाखवण्याची युक्तीही आहे. युद्धानंतरचे कृत्रिम धागे त्यात पांढरेशुभ्र चमकतात. पण फीत बदलता येते, म्हणून एकट्या तिच्यावर निकाल देऊ नये.

भारतीय संग्राहकाला हा पेच बहुधा दुसऱ्याच वाटेने भेटतो. सुभाषचंद्र बोस एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोचले. तिथे उभ्या राहिलेल्या आझाद हिंद फौजेच्या जर्मन तुकडीसाठी १९४२ मध्ये मानचिन्हे काढण्यात आली: शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत. लढाईतल्या पराक्रमासाठी असलेल्या नगांवर तलवारी होत्या. ही घडवली व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सुवाल या कारखान्याने. दुकानी मालावरचा त्याचा क्रमांक एल/५८. युद्ध संपल्यावर या कारखान्याने संग्राहकांसाठी जुन्या पदकांच्या प्रती पाडल्या, त्यांत ताऱ्याच्या आकाराची ही मानचिन्हेही होती. ठसे तेच असल्यामुळे आकाराची परीक्षा इथे लंगडी पडते. राहतात धातूचे वजन, मिन्याचा पोत, पिनेची जात आणि सोबतचा प्रदानपत्राचा कागद. आझाद हिंदचा तारा म्हणून जे लिलावात येते, त्याबरोबर असा कागद क्वचितच असतो. कागद नसला तर जाणता संग्राहक त्याला 'सुवालचा' म्हणतो आणि १९४२ चा भाव द्यायला नकार देतो.